हिलालअप्पांना आपल्या स्थळात रस आहे

वाल्मिक बोरसेने आयुष्यात एकदाच बहिणीचा शब्द पाळायचं ठरवलं आणि त्यापायी तापीकाठच्या गोडादरा वस्तीतल्या निम्म्या मराठी घरांत भांडणं लागली.

शब्द तसा साधा होता. अर्चना म्हणाली होती, "दादा, यापुढे तू स्थळ आणायचं नाही. मी बघीन. पटलं तर मीच विचारीन, आणि एकदाच विचारीन. कोणाला विचारलं, हे तू मला विचारायचं नाही."

अर्चना बारडोलीला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होती. वाल्मिकने आजवर आणलेल्या स्थळांपैकी एकाने चहाचा पहिला घोट घेण्याआधी "नोकरी कधी सोडणार?" असं विचारलं होतं. दुसऱ्याच्या आईने तिला "जरा चालून दाखव" म्हटलं, तेव्हा ती चालली ती सरळ दाराबाहेर, आणि पाहुणे जाईपर्यंत परत आली नाही. वाल्मिकला बहिणीची काळजी होती, अगदी मनापासून होती. पण स्टेशनबाहेरचे रिक्षावाले गिऱ्हाईक ओढतात तशी तो काळजी करतो, असं त्याच्या बायकोचं, म्हणजे धनश्रीचं मत होतं. धनश्री महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची आणि तिची मतं सहसा फळ्यावर लिहिल्यासारखी ठळक असत.

वाल्मिक रिंगरोडवर साड्यांच्या एका पेढीत कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याने ठरवलं, आपण स्थळ आणायचं नाही ना, नाही आणणार. आपण आख्खी वेबसाइटच आणू. तापीतीर महाराष्ट्र मंडळाची वधू-वर वेबसाइट! मुलं-मुली घरबसल्या एकमेकांना बघतील, आवडलं तर बटण दाबतील, समोरच्या घरी संदेश जाईल आणि अर्चनाच्या अटीही मोडणार नाहीत.

मंडळाच्या सभेत त्याने हे काम फुकट करून देतो असं सांगितलं. सेक्रेटरी छगनराव म्हणाले, "फुकट असलं तरी तीन कोटेशनं लागतील, वाल्मिकभाऊ. घटनेत आहे." मग वाल्मिकने स्वतःचं शून्य रुपयाचं कोटेशन दिलं, दोन मित्रांकडून त्याहून महागाची आणली आणि साधकबाधक चर्चेनंतर, एका मताच्या फरकाने, शून्य रुपयाचं कोटेशन मंजूर झालं. विरोधात मत देणाऱ्यांचं म्हणणं होतं की इतक्या स्वस्तात काम चांगलं होत नाही. पुढे जे झालं ते पाहता त्यांना अगदीच वेडं म्हणता येत नाही.

तेवढ्यावर सभा संपली असती, पण वाल्मिक नुकताच कंटेनरची विद्या शिकला होता आणि नवी विद्या पोटात ठेवणं कुणालाच जमत नाही. कंटेनर म्हटल्यावर हजिऱ्याच्या बंदराकडे जाणारी लोखंडी खोकी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली, तेव्हा त्याला समजावून सांगावं लागलं.

"वेबसाइट म्हणजे छोट्या छोट्या कामगारांचा कारखाना असतो. एकाचं काम स्थळं दाखवायचं. एकाचं संदेश पाठवायचं. एकाचं, आत कोण आलंय हे ओळखायचं. आता संदेशवाल्याला, संदेश कोणाच्या नावाने पाठवू हे कळायला ओळखणारा लागतो. पूर्वी जो तो आपल्याला लागणारा माणूस आपणच शोधून आणायचा. त्यात फार गोंधळ व्हायचा. आता त्याने दारात उभं राहून फक्त सांगायचं, मला अमुक लागतं. आणून हातात द्यायचं काम मधल्याचं. तो मधला म्हणजे कंटेनर."

अध्यक्षांच्या खुर्चीत हिलालअप्पा बागूल बसले होते. महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त, वय बहात्तर, अंगावर बाराही महिने जाकीट. माईकवर ते शुद्ध पुस्तकी बोलत आणि माईक बाजूला सरला की घरची अहिराणी. त्यांनी माईक बाजूला सारला.

"म्हंजे पोऱ्यानी सोता पोर धुंडानी नही. मांगानं, आन मधला मानूस आनी दि. हाई काय नवीन शे? आपला बापजादा हाईच करत उनात!"

सभेने टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर वाल्मिकने हे अर्चनाला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा मध्यस्थ आहेच."

आता या कंटेनरमध्ये प्रत्येक कामगाराची नोंद करताना एक गोष्ट सांगावी लागते. याला दर वेळी नवा बनवायचा, की एकदाच बनवून सगळ्यांना तोच द्यायचा? इथे वाल्मिकचा घात केला तो संस्कारांनी. ज्या घरात टूथपेस्टची नळी लाटण्याखाली घालून पिळली जाते, एकाच स्कूटरवर तिघं तीन दिशांना जातात आणि पाहुण्यांचा कपबशीचा संच पाहुण्यांनाही सहसा दिला जात नाही, तिथे वाढलेल्या माणसाच्या हातून 'दर वेळी नवा' हे शब्द कसे लिहिले जाणार? एकात भागत असताना दुसरा कशाला? त्याने सगळ्यांपुढे 'एकदाच' लिहिलं. त्यात, आत कोण आलंय हे ओळखणाराही आला. याचा अर्थ असा, की सर्व्हर सुरू झाल्यावर जो पहिला माणूस आत येईल त्याला ओळखलं, की या गड्याचं काम संपलं. नंतर कोणीही येवो, तो त्या पहिल्याचंच नाव सांगणार. घरी तपासताना वाल्मिक एकटाच आत जायचा आणि एकट्याला सगळं बरोबरच दिसायचं.

मधल्या काळात सल्ले सुरू होते. शेजारच्या काकूंना 'मुलाची आई कशी आहे' असा रकाना हवा होता. छगनरावांनी 'स्वतःचं घर' आणि 'स्वतःचं म्हणवतात ते घर' असे दोन वेगळे रकाने सुचवले. अर्चनाने फक्त एकच गोष्ट मागितली. बटणाच्या खाली दोन ओळी लिहायला जागा हवी, म्हणजे समोरच्याला काहीतरी विचारता येईल. वाल्मिकने तीच तेवढी लगेच मान्य केली.

मोबाइलवर संदेश पाठवण्याची परवानगी ही मात्र वेगळीच परीक्षा निघाली. आधी संस्थेची नोंदणी, मग पाठवणाऱ्याच्या नावाची, मग मजकुराची. मजकूर एकदा मंजूर झाला की त्यातला स्वल्पविरामही हलत नाही. अर्जावर मंडळाचा गोल शिक्का हवा, आणि शिक्का जुन्या खजिनदारांच्या कपाटात. जुने खजिनदार रुसून धुळ्याला गेलेले. त्यांची समजूत काढायला छगनराव स्वतः गेले आणि परत येताना शिक्का, एक पिशवी वांगी आणि खजिनदारांच्या पुतण्याचं स्थळ घेऊन आले. "वांधो नही, काही बिघडत नाही," ते म्हणाले, "एका फेरीत तीन कामं."

मग उद्घाटन. आमच्याकडे बोअरिंगचा पंपसुद्धा अध्यक्षांच्या हस्ते सुरू होतो, तर वेबसाइट कशी राहील? मुहूर्ताआधी कोणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. सभासदांनी कागदावर भरून दिलेली माहिती वाल्मिकने आधीच आत घातली होती; आता त्याने सर्व्हर बंद करून नव्याने सुरू केला. पण आत शिरायला अप्पांचं नाव नोंदवणं भाग होतं, आणि नोंदवायला वर किंवा वधू असणं भाग होतं. छगनरावांनी अप्पांना वर केलं. शाल-श्रीफळाच्या सत्काराचा फोटो लावला. 'अपेक्षा' या रकान्यात अप्पांनी 'शिस्त' असं सांगितलं. वैवाहिक स्थिती विचारायला कोणाला सुचलं नाही, आणि रिकामं ठेवलं तर वेबसाइट आपणहून यादीतला पहिला शब्द घ्यायची. तो 'अविवाहित' होता.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये लॅपटॉपला हार घातला, कीबोर्डला हळदीकुंकू लावलं. नारळ फुटला, त्याचं पाणी एक्स्टेंशन बोर्डाच्या अगदी कडेला जाऊन थांबलं. अप्पांनी उजव्या हाताच्या तर्जनीने बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली, 'नमस्कार, श्री. हिलाल बागूल'. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले, आपापल्या नावाने आत शिरले आणि सगळ्यांच्या मोबाइलवर वरती तेच दिसलं, 'नमस्कार, श्री. हिलाल बागूल'.

इथे एखादा तरी ओरडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मंडळाच्या प्रत्येक पत्रिकेवर, बॅनरवर आणि कॅलेंडरवर सगळ्यात वर अध्यक्षांचं नाव असतंच. वेबसाइटवरही आहे, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट छगनराव वाल्मिकच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे बरं केलंस, अप्पा खूश झाले."

त्या संध्याकाळी गोडादऱ्यापासून कामरेजपर्यंत मराठी घरांत उत्साहाने बटणं दाबली गेली. अर्चनाही आपल्या खोलीत दार लावून बसली होती. बाहेर आली तेव्हा तिने धनश्रीच्या हातातलं लाटणं घेतलं आणि पोळ्या करता करता गुणगुणू लागली. वाल्मिकने धनश्रीकडे पाहिलं. धनश्रीने डोळ्यांनीच 'गप्प राहा' म्हटलं. त्या रात्री वाल्मिक फार सुखाने झोपला.

सकाळी फोन वाजला. पलीकडे एका मुलीचे वडील होते. त्यांनी संदेश मोठ्याने वाचून दाखवला. "श्री. हिलाल बागूल, वय ७२, अविवाहित, यांना आपल्या स्थळात रस आहे. अपेक्षा: शिस्त." मग ते म्हणाले, "अप्पांना मी वडिलांसारखं मानत होतो हो!"

त्यानंतर फोन थांबलाच नाही. ज्या घरात मुलगी होती तिथे अप्पा पोचले होते. ज्या घरात मुलगा होता तिथेही अप्पा पोचले होते, कारण मुलींनीही बटणं दाबली होती. काही मुलांना अप्पांकडून तीन-तीनदा विचारणा झाली होती. रुसलेल्या खजिनदारांच्या पुतण्याला एकही आली नव्हती, आणि तिकडून फोन आला तो 'अप्पांनासुद्धा आमचा मुलगा नको?' असा.

वाल्मिक धावत अप्पांच्या घरी गेला. अप्पा जाकीट न घालता बसले होते, त्यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य कळत होतं. त्यांच्या पत्नी शोभाबाई शांतपणे भाजी निवडत होत्या. बहात्तराव्या वर्षी नवऱ्याने मुली बघाव्यात, याचं त्यांना काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. त्यांना लागलं होतं ते वेगळंच.

"इतला वरीस संसार कया," त्या म्हणाल्या, "आन हाई लिखतस 'अविवाहित'? मंग मी कोन शे?"

अप्पांनी उठून जाकीट घातलं.

खुलाशाचा संदेश पाठवावा, तर मंजूर मजकूर फक्त स्थळांचे. माफी मागायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा गोल शिक्का. दुपारी पेढीत जेवणाच्या सुट्टीत वाल्मिकने सर्व्हर बंद करून चालू केला आणि सगळं ठीक झालंय ना हे पाहायला घाईघाईने स्वतःच पहिला आत शिरला. 'नमस्कार, श्री. वाल्मिक बोरसे'. वा! अप्पा गेले. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि डबा उघडला.

तास-दोन तासांत धनश्रीच्या शाळेत एक पालक आल्या. "मॅडम, तुमच्या मिस्टरांचं आमच्या नणंदेसाठी आलंय. पण तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसताय!"

संध्याकाळी धनश्रीने वाल्मिकला समोर बसवलं आणि मोबाइलवरून वाचायला सुरुवात केली. "अविवाहित. उंची पाच फूट दहा."

"ते टेस्टिंगसाठी टाकलं होतं," वाल्मिक म्हणाला. त्याची उंची पाच फूट पाच होती, तीही सकाळी.

"आणि 'स्वभाव शांत व समजूतदार'?"

"तेही टेस्टिंगच."

"मला वाटलंच," असं म्हणून धनश्री आत गेली आणि त्या दिवशी त्याला ताट स्वतः वाढून घ्यावं लागलं.

जेवताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. जो पहिला, तोच सगळे! हात न धुताच तो उठला आणि त्याने 'एकदाच'च्या जागी 'दर वेळी नवा' लिहिलं. एवढंच करायचं होतं. आता प्रत्येकाला आपापलं नाव दिसू लागलं. त्याने मंडळाच्या मोबाइलवरच्या गटात हात जोडून माफी मागितली, काल आणि आज ज्यांनी बटण दाबलं त्यांनी कृपया पुन्हा दाबावं, अशी विनंती केली, आणि अर्चनाच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"अर्चू, आता नीट झालंय. तू पुन्हा एकदा..."

"मी एकदाच विचारीन म्हटलं होतं," ती आतून म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरं झालं असतं. "जाऊ दे दादा. तुझी काही चूक नाही. माझंच नशीब असं, की मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला हिलालअप्पांचा."

वाल्मिक सर्व्हर उघडून बसला. तिचं बटण कोणाकडे गेलं हे दिलेला शब्द मोडून शोधावं, असा मोह त्याला झाला. पण तिथे सगळीकडे पाठवणारे अप्पाच होते. त्या ढिगातलं आपल्या बहिणीचं एक 'हो' कुठलं, हे त्यालाच काय, कंटेनरलाही ठाऊक नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. लोकांनी चारचौघांत नावं ठेवली तरी वाटलं नसतं इतकं वाईट वाटलं. इतक्या नकारांनंतर पोरीने आपणहून हात पुढे केला होता, आणि तो त्याने काटकसरीपायी दुसऱ्याच्या बाहीत घातला होता.

पुढच्या रविवारी तातडीची सभा भरली. विषय एकच, अध्यक्षांची अब्रू. हॉल वार्षिक सभेला कधी भरला नव्हता इतका भरला. वाल्मिक गुन्हेगारासारखा पुढे उभा राहिला. शेवटच्या रांगेत धनश्रीने अर्चनाला जबरदस्तीने आणून बसवलं होतं. छगनरावांनी निषेधाचा ठराव वाचायला घेतला आणि तेवढ्यात दारातून एक तरुण आत आला. कामरेजच्या एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर असलेला रोहित पवार. त्याच्या हातात मोबाइल होता.

"सॉरी हं," तो म्हणाला. "मला अप्पांना भेटायचंय. त्यांनी मला एक सवाल विचारला होता. आठवडाभर विचार करतोय, आज जवाब द्यायला आलो."

अप्पांनी माईक जवळ ओढला. "कोणता प्रश्न?"

रोहितने वाचलं. "'आपल्या माहितीत लिहिलंय, मुलगा घरकामात मदत करतो. मदत म्हणजे नक्की काय करता? आणि मुळात ते काम कोणाचं आहे, ज्यात तुम्ही मदत करता?'" त्याने मान वर केली. "ती माहिती माझ्या मम्मीने भरली होती. पण बहात्तर वर्षांच्या माणसाला हा सवाल पडतो, हे बघून मी थक्क झालो. नंतर कळलं, वेबसाइटमध्ये गडबड आहे, अप्पांनी लिहिलंच नाही. मग ज्यांनी लिहिलं त्यांना भेटायचंय. कोणी लिहिलं?"

बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. माना वळल्या. कोणाची पोर इतकी धीट? मागच्या रांगेत अर्चना ओढणीचं टोक मुठीत धरून खाली पाहत होती. वाल्मिकने ते पाहिलं आणि त्याला एका क्षणात सगळं कळलं. आता एवढ्या लोकांत तिचं नाव निघालं तर महिनाभर गोडादऱ्याला दुसरा विषय नाही. आणि नाही निघालं, तर हा मुलगा उत्तर खिशात घालून कामरेजला परत जाणार. काय करावं ते त्याला कळेना.

तेव्हा हिलालअप्पा उठले. आठवडाभर ज्यांनी अब्रू-अब्रू म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, ते अप्पा माईकवर अगदी शुद्ध बोलले. "लिहिलं ते मीच. वर माझं नाव आहे ना? मग प्रश्न माझाच. कोणाच्या लेकीबाळींकडे बघायचं कारण नाही. बोला, काय उत्तर आहे?"

वाल्मिकला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण पहिल्या रांगेत शोभाबाई बसल्या होत्या, आणि त्यांना हसू आवरेना.

"ह्यासनी?" त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "पानी खातामा नोकरी कयी, पन घरमा पानीना तांब्या कधी सोता उचला नही. आन ह्या इचारतीन, घरकाम कोनं शे!"

हॉल खदखदून हसला. अप्पा खाली बसले. हसणं ओसरायच्या आत मागून आवाज आला.

"मी लिहिलं."

अर्चना उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज तिचा स्वतःचा होता. "मी अर्चना बोरसे. अप्पा, तुमचे उपकार आहेत. पण प्रश्न माझा आहे. सांगा, काय उत्तर?"

रोहित तिच्याकडे पाहत राहिला. आठवडाभर पाठ केलेलं उत्तर बहुतेक विसरला असावा. "ते... 'मदत' हा शब्द काढून टाका," तो म्हणाला. "काम दोघांचं. भाजी येते मला. पोळ्याही येतात, पण गोल नाही येत."

"गोल कोणी मागितल्या?" अर्चना म्हणाली. "बाहेर चला. इथे सगळे ऐकतायत."

दोघं बाहेर पडले. वाल्मिक सवयीने मागोमाग निघाला, तर धनश्रीने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. "अहो, तिथे तुमचं काय काम?" त्याचं काहीच काम नव्हतं. तो बसला, आणि रुमाल काढून उगाच चष्मा पुसत राहिला.

छगनरावांनी निषेधाचा ठराव घडी घालून खिशात टाकला आणि कोणीतरी चहाचं विचारलं. तेवढ्यात हॉलमधले सगळे मोबाइल एकदम वाजले. रोहितने बाहेर उभ्या उभ्या आनंदाच्या भरात त्या जुन्या विचारणेखालचं 'स्वीकार' हे बटण दाबलं होतं, आणि स्थळ जुळलं की वेबसाइट सगळ्या सभासदांना आपणहून कळवायची. अप्पांनी चष्मा चढवला आणि माईक समोर आहे हे विसरून मोठ्याने वाचलं.

"अभिनंदन! श्री. हिलाल बागूल, वय ७२, आणि चि. रोहित पवार यांचं स्थळ जुळलं आहे."

कोणाची हसायची हिंमत होईना. सगळे शोभाबाईंकडे पाहू लागले. शोभाबाईंनी पदर सावरला, दारातून बाहेर उभ्या असलेल्या रोहितला नीट निरखलं आणि समाधानाने मान हलवली.

"बरं व्हयनं," त्या म्हणाल्या. "ह्या पोऱ्याले पोया तरी येतस."